सुलटा आरसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुलटा आरसा म्हणजे नेमकं काय?

समोर उभा असलेला माणूस तुम्हाला जसा बघतो, तसंच तुम्हाला दाखवणारा आरसा. रोजच्या आरशासमोर उजवा हात वर केलात, तर प्रतिमेचाही उजवीकडचाच हात वर जातो. सुलट्या आरशात मात्र प्रतिमेचा तुमच्या डावीकडे दिसणारा हात वर जातो, कारण समोरासमोर उभ्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडेच असतो. सदऱ्यावर छापलेली अक्षरं त्यात सरळ वाचता येतात. मागच्या भिंतीवरच्या घड्याळात ३ वाजले असतील तर ३च दिसतात, ९ नाही.

यात कॅमेरा नाही, पडदा नाही, वीज नाही. दोन सपाट आरसे काटकोनात जोडले की झालं. एकाच वक्र आरशानेही हे साधतं, पण त्याच्या अटी वेगळ्या आहेत. त्याबद्दल पुढे.

साधा आरसा डावं-उजवं उलटवतो, मग वर-खाली का उलटवत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो नीट सुटला की बाकीचं बरंचसं आपोआप सुटतं. म्हणून इथे थोडं थांबूया.

साधा आरसा डावं-उजवंही उलटवत नाही. तो उलटवतो ते पुढचं आणि मागचं. आरशाकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजवीकडचं खांद्याचं टोक प्रतिमेतही उजवीकडेच आहे, डोकं वरच आहे, पाय खालीच आहेत. बदललं ते एवढंच की तुमचं नाक आरशाकडे रोखलेलं आहे आणि प्रतिमेचं तुमच्याकडे. जे आरशाच्या जवळ ते प्रतिमेतही आरशाच्या जवळ, जे लांब ते पलीकडे तेवढंच लांब.

मग डाव्या-उजव्याची भानगड येते कुठून? आपल्याकडून. समोर माणूस दिसला की आपण मनातल्या मनात स्वतःला त्याच्या जागी नेतो आणि उभ्याउभ्या गर्रकन वळवून त्याच्यासारखं तोंड करतो. असं वळल्यावर आपला उजवा हात जिथे जातो, तिथे प्रतिमेचा मात्र घड्याळ बांधलेला डावा हात दिसतो. माणसं वळतात ती पायावर उभी राहून, कोलांटी मारून नव्हे, म्हणून फरक डाव्या-उजव्याच्या खात्यात जमा होतो.

खात्री पटवायची असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर एक शब्द लिहा. तो तुम्हाला सरळ वाचता येईल असा धरून आरशासमोर उभे राहा. आरशातही तो सरळच वाचता येतो. आता तोच शब्द कागदावर लिहा. आरशाला दाखवायचा तर कागद फिरवावा लागतो. पुस्तकाच्या पानासारखा बाजूने फिरवलात तर अक्षरं डावी-उजवी उलटतात. खालची कड वर आणून फिरवलात तर ती डोक्यावर उभी राहतात. अक्षरं कशी उलटणार हे कागद फिरवणाऱ्याच्या हातात आहे. आरशाने दोन्ही वेळा एकच काम केलं.

मग दोन आरसे काटकोनात ठेवल्यावर काय होतं?

एक परावर्तन एकदा उलटवतं. दुसरं परावर्तन ते उलटलेलं पुन्हा उलटवतं. दोन परावर्तनं मिळून उलट राहतच नाही, उरतं ते फक्त फिरणं. आरशांमधला कोन जेवढा, त्याच्या दुप्पट कोनातून प्रतिमा जोडाच्या रेषेभोवती फिरते, हा भूमितीचा नियम आहे. कोन ९० अंश असला की प्रतिमा १८० अंश फिरते. म्हणजे तुम्हीच जणू जोडाभोवती अर्धी चक्कर मारून पलीकडे, स्वतःकडे तोंड करून उभे राहता. साध्या आरशाला जे जमत नाही, ते मनातलं वळणं हा आरसा प्रत्यक्ष करून दाखवतो.

प्रकाशाच्या वाटेने पाहायचं तर उजव्या गालावरून निघालेला किरण आधी उजव्या आरशावर पडतो, तिथून डाव्या आरशावर जातो आणि मग डोळ्यात शिरतो. म्हणून उजवा गाल डाव्या अर्ध्या भागात दिसतो. डाव्या गालाचं नेमकं उलट. चेहऱ्याचे दोन अर्धे भाग दोन वेगळ्या आरशांत तयार होतात आणि जोडावर येऊन मिळतात. या आरशाची सगळी कसोटी त्या मिळण्यावर असते.

शाळेत काटकोनातल्या आरशांत तीन प्रतिमा दिसतात असं शिकलो होतो. त्यांचं काय?

बरोबरच शिकलात. कडेच्या दोन प्रतिमा प्रत्येकी एका परावर्तनाच्या, म्हणजे नेहमीसारख्या उलट्या. मधली, जोडावरची, दोन परावर्तनांची. तीच सुलटी. पाठ्यपुस्तकात त्या मोजायला सांगतात, पण मधली वेगळी आहे याकडे कुणी लक्ष वेधत नाही याची खंत वाटते. मुलांना एक डोळा मिचकावून बघायला सांगितलं असतं, तर तीन हा आकडा विसरला तरी मधली प्रतिमा लक्षात राहिली असती.

घरी करून बघता येईल का?

नक्की. सारख्या उंचीचे, चौकट नसलेले दोन सपाट आरसे घ्या. प्रत्येक निदान वीतभर रुंद असावा. चमकत्या बाजू एकमेकींसमोर ठेवून कडा भिडवा आणि मागच्या बाजूने चिकटपट्टी लावा, म्हणजे पुस्तकासारखे उघडमीट करता येतील. सपाट टेबलावर उभे करून कोनात गुण्या ठेवून काटकोन जुळवा. काचेच्या कडा धारदार असतात, त्यांवर आधी चिकटपट्टी लावून घ्या. लहान मुलं जवळ असतील तर हे आठवणीने करा.

आता जोडाच्या बरोबर समोर चेहरा आणा आणि कोन अगदी हलक्या हाताने कमी-जास्त करा. कोन ९० अंशांपेक्षा कमी झाला की चेहरा रुंद होतो आणि मधला भाग दोनदा दिसू लागतो, नाकाशेजारी नाक. जास्त झाला की मधला भाग गिळला जातो, चेहरा अरुंद होतो आणि डोळे एकमेकांत मिसळू लागतात. या दोन टोकांच्या मध्ये एक जागा अशी येते की चेहरा एकदम जुळतो. तीच तुमची जागा. ती सापडली की आरसे पाठीमागून लाकडी ठोकळ्यांचा टेकू देऊन पक्के करा.

काटकोन किती अचूक हवा?

वाटतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त. कोनात १ अंशाची चूक झाली तर दोन अर्ध्या प्रतिमांमध्ये ४ अंशांची तफावत पडते, कारण प्रत्येक अर्धी प्रतिमा २ अंश सरकते आणि दोन्ही विरुद्ध दिशांना सरकतात. जोडापासून ५० सेंटीमीटरवर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याचा जवळजवळ साडेतीन सेंटीमीटरचा पट्टा त्यात नाहीसा होतो किंवा दोनदा दिसतो. म्हणजे अख्खं नाक गेलं. ०.१ अंशाची चूक असली तरी साडेतीन मिलिमीटर जातात आणि ओळखीच्या चेहऱ्यात तेवढंही खटकतं. चांगले सुलटे आरसे चौकटीत घट्ट बसवलेले का असतात, याचं उत्तर या आकड्यांत आहे. काच जराशी वाकलेली असली तरीही हाच त्रास होतो.

मधोमध दिसणारी रेघ घालवता येते का?

जवळजवळ. घरातल्या आरशात चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा थर काचेच्या मागे असतो. असे दोन आरसे जोडले की काचेच्या जाडीमुळे जोडापाशी एक काळपट पट्टी राहते. शिवाय काचेचा पुढचा पृष्ठभाग साधारण ४ टक्के प्रकाश स्वतःच परावर्तित करतो, त्याची पुसट सावली-प्रतिमा वेगळी पडते. उपाय म्हणजे पुढच्या बाजूला मुलामा दिलेले आरसे. दुर्बिणींत असेच वापरतात. त्यांत प्रकाश काचेत शिरतच नाही, मुलाम्याच्या कडा एकमेकींना भिडतात आणि जोड केसाएवढा बारीक होतो.

रेघेबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एक डोळा मिटून बघा. उघडा डोळा नेहमी रेघेवरच दिसेल, तुम्ही डावीकडे सरका नाहीतर उजवीकडे. डोळा मिटायची अदलाबदल केलीत की रेघ दुसऱ्या डोळ्यावर जाते. असं होतं कारण डोळा, जोड आणि त्या डोळ्याची प्रतिमा नेहमी एका सरळ रेषेत असतात. दोन्ही डोळे उघडून प्रतिमेकडे पाहिलं की जवळचा जोड दुहेरी भासतो आणि प्रतिमेच्या दोन्ही डोळ्यांवरून एकेक अंधूक रेघ जाते. म्हणजे आपण ज्या जागी सगळ्यात जास्त बघतो, नेमक्या तिथेच. जोड बारीक असण्याला एवढं महत्त्व का, ते यावरून कळावं.

आरसा आडवा केला तर?

जरूर करा, यासारखी गंमत नाही. जोडाची रेषा उभी असताना चेहरा सरळ दिसतो. जोड ४५ अंश कलवा, चेहरा ९० अंश कलतो. जोड पूर्ण आडवा करा, चेहरा डोक्यावर उभा राहतो. प्रतिमा नेहमी दुप्पट फिरते. साधा सपाट आरसा त्याच्याच पातळीत कितीही फिरवला तरी प्रतिमा ढिम्म हलत नाही.

दोन आरशांऐवजी एकच वक्र आरसा चालत नाही का?

चालतो, पण तो वाटीसारखा खोलगट असतो हे जे अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं, ते अपुरं आहे. वाटीसारख्या अंतर्गोल आरशापासून पुरेसं लांब गेलं की प्रतिमा वर-खाली आणि डावी-उजवी अशी दोन्हीकडून फिरते. चमच्याच्या आतल्या बाजूत हेच होतं. ती प्रतिमा डोकं वाकवून सरळ करून बघितली तरी त्यातली अक्षरं आरशातल्यासारखी उलटीच राहतात.

हवा तो दंडगोलाकृती आरसा, म्हणजे फक्त आडव्या दिशेने आत वाकलेला. चकचकीत, लवचीक पत्रा दोन्ही उभ्या कडांनी धरून आपल्याकडे वाकवा. अगदी जवळ असताना चेहरा रुंद दिसतो, पण नेहमीसारखाच उलटा. मागे सरकत गेलात की तो फुगत जातो. वक्रता केंद्रापाशी, म्हणजे वाकलेला पत्रा ज्या वर्तुळाचा तुकडा आहे त्याच्या मध्यबिंदूपाशी, एकटा डोळाच सगळा पत्रा व्यापून टाकतो. त्याच्याही मागे गेलात की किरण एकमेकांना ओलांडून आलेले असतात, उजवं डावीकडे जातं आणि प्रतिमा सुलटी होते. वर-खाली मात्र काहीच बदलत नाही, कारण त्या दिशेला आरसा सपाटच आहे.

यातली अडचण अंतराची. ठरावीक टप्प्याच्या बाहेर हे जमत नाही. शिवाय आडव्या आणि उभ्या दिशेची प्रतिमा वेगवेगळ्या अंतरावर तयार होते, त्यामुळे चेहरा अरुंद दिसतो आणि नजरेला नीट धारदार लागत नाही.

ही अडचण सोडवण्याचा वेगळा मार्ग फिलाडेल्फियातल्या ड्रेक्सेल विद्यापीठाचे गणितज्ञ अँड्र्यू हिक्स यांनी २००९ साली दाखवला. आरशाच्या प्रत्येक ठिपक्याने किरण कुठे पाठवायचा हे आधी ठरवायचं आणि त्यावरून संगणकाने पृष्ठभागाचा आकार काढायचा. निघालेला आकार नेहमीच्या कुठल्याही गोलात बसत नाही. तो वेगवेगळ्या दिशांना वेगवेगळा वळतो, एकसंध असतो आणि अक्षरं सरळ दाखवतो. मला स्वतःला गणिताचा हा उपयोग विलक्षण देखणा वाटतो.

हा शोध कधीचा?

कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात प्लेटोने 'तिमायस' या संवादात अशा अंतर्वक्र आरशाचं वर्णन केलं आहे, ज्यात उजवं उजवं दिसतं आणि जो आडवा वळवला की चेहरा खाली-वर होतो. वळवल्यावर फरक पडतो, म्हणजे तो दंडगोलाकृतीच असणार. पुढे सुलट्या आरशाचं पेटंट १८८७ साली जॉन जोसेफ हुकर यांना मिळालं. काटकोनी आरशाला घरगुती वापरात आणण्याचा ध्यास अमेरिकेतल्या जॉन वॉल्टर यांनी घेतला आणि १९९०च्या दशकापासून 'ट्रू मिरर' या नावाने ते असे आरसे बनवू लागले.

त्यात माझा चेहरा वाकडा का दिसतो?

कारण तो इतर सगळ्यांच्या चेहऱ्यांसारखाच आहे. कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. एक भुवई किंचित वर, नाक जरासं एकीकडे, हसताना एक कोपरा आधी उचलला जाणारा. आयुष्यभर आरशात बघून या सगळ्याची उलटी मांडणी आपल्या अंगवळणी पडलेली असते. समजा नाक मध्यरेषेपासून २ मिलिमीटर उजवीकडे आहे. साध्या आरशात ते जिथे बघायची सवय आहे, त्याच्या दुसऱ्या बाजूला सुलट्या आरशात ते जातं. सवयीच्या जागेपासून फरक पडतो तो ४ मिलिमीटरचा. प्रत्येक बारीक असमानता अशी दुप्पट होऊन समोर येते.

यावर १९७७ साली मीता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी एक साधा, सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी स्त्रियांना त्यांच्याच छायाचित्राच्या दोन प्रती दाखवल्या, एक सरळ आणि एक आरशासारखी उलटवलेली. त्यांचा कल उलटवलेल्या प्रतीकडे होता. त्यांच्या जवळच्या माणसांचा कल सरळ प्रतीकडे. ज्याला जे रोज दिसतं, ते त्याला आवडलं. वारंवार पाहिल्याने आवड वाढते ही मांडणी रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ साली केली होती, तिला हा निकाल धरून होता.

म्हणून पहिल्यांदा सुलट्या आरशात बघून मन खट्टू झालं तर कृपया त्यावरून स्वतःच्या रूपाबद्दल काहीही ठरवू नका. तुम्हाला खटकतो आहे तो अनोळखीपणा. जो चेहरा तुम्हाला आज विचित्र वाटतो, तोच तुमच्या माणसांनी कायम पाहिला आहे आणि त्यांना तो अगदी नीट बसवलेला वाटतो. थोडा वेळ थांबा, बोला, हसा. स्थिर नजरेने दोष शोधण्यापेक्षा हालता चेहरा पाहिला की तो लवकर आपला वाटू लागतो.

मग फोटो किंवा सेल्फी आणि हा आरसा यांत काय फरक?

फोटोही सुलटाच असतो, पण तो एका क्षणाचा असतो, एका डोळ्याने पाहिलेला असतो आणि तुम्ही त्याला प्रतिसाद देऊ शकत नाही. सेल्फी हातभर अंतरावरून काढलेली असते, त्यामुळे नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. सुलट्या आरशात प्रतिमा तुमच्यापासून जोडाच्या दुप्पट अंतरावर असते आणि दोन्ही डोळ्यांनी दिसत असल्यामुळे तिला खोली असते. फोनचा पुढचा कॅमेरा फोटो काढताना पडद्यावर आरशासारखं उलटं चित्र दाखवतो, व्हिडिओ कॉलमध्येही आपली चौकट बहुधा उलटीच असते. समोरच्याला मात्र आपण सुलटे दिसत असतो.

दाढी किंवा मेकअप यात करता येईल का?

सुरुवातीला नको, दाढी तर नकोच. हात उजवीकडे न्यायचा तर प्रतिमेत तो डावीकडे जातो आणि रोजच्या सवयीने हात चुकतो. भांग बरोबर मध्ये आहे का, कॉलर नीट बसली आहे का, हे लोकांच्या नजरेने तपासायला हा आरसा उत्तम. काम साध्या आरशात करा, तपासणी यात.

वाहनांना असे आरसे का लावत नाहीत?

कारण तिथे साधा आरसाच योग्य आहे. मागून उजवीकडून येणारी गाडी आरशातही उजवीकडेच दिसायला हवी. सुलट्या आरशात ती डावीकडे दिसेल आणि चालक चुकीच्या बाजूला वळेल. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला अक्षरं उलटी रंगवतात ती त्यासाठीच. आरसा बदलण्यापेक्षा अक्षरं बदलणं शहाणपणाचं. हिक्स यांनी वाहनांसाठीही आरसा काढला आहे, पण तो वेगळ्या कामाचा. सपाट आरशात साधारण १५ ते १७ अंशांचा टापू दिसतो, त्यांच्या आरशात फारशी विकृती न येता ४५ अंशांचा.

दोन परावर्तनांचं हे तत्त्व आणखी कुठे वापरतात?

परिदर्शीत, म्हणजे पेरिस्कोपमध्ये. त्यातले दोन समांतर आरसे मिळून दृश्य जसंच्या तसं खाली आणतात. एकभिंगी प्रतिबिंब कॅमेऱ्यात, म्हणजे एसएलआरमध्ये, आतला आरसा दृश्य सरळ उभं करतो पण डावं-उजवं उलटं ठेवतो. वर बसवलेल्या पंचकोनी लोलकाच्या (प्रिझमच्या) छपरासारख्या दोन पृष्ठभागांमध्ये काटकोन असतो आणि तो हे उलटेपण काढतो. १९४९च्या कॉन्टॅक्स एस कॅमेऱ्यात असा लोलक होता. कमरेशी धरून वरून बघायच्या जुन्या कॅमेऱ्यांत तो नसे, म्हणून त्यांत माणूस उजवीकडे निघाला की चित्रात डावीकडे जाई.

दोनाऐवजी तीन आरसे एकमेकांना काटकोनात जोडले, खोलीच्या कोपऱ्यासारखे, तर प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जातो. परावर्तनं तीन, म्हणजे विषम, म्हणून त्यातला चेहरा डोक्यावर उभा असतो आणि अक्षरं पुन्हा उलटी. सायकलीच्या मागच्या लाल तुकड्यात असे शेकडो बारीक कोपरे असतात. १९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी अशा १०० लोलकांची चौकट चंद्रावर ठेवली, १९७१ साली अपोलो १५ने ३०० लोलकांची. पृथ्वीवरून सोडलेला लेझरचा झोत त्यांवरून सुमारे अडीच सेकंदांत परत येतो आणि त्यावरून चंद्राचं अंतर मोजतात.

विकत घेताना काय पाहावं आणि निगा कशी राखावी?

आधी छापील कागद धरून अक्षरं जोडावर तुटत नाहीत ना ते बघा. मग जवळून आणि लांबून चेहरा पाहा. कोन चुकला असेल तर अंतर वाढल्यावर दोष वाढतो. पुढे मुलामा असलेला आरसा ओळखायला कागदाचा कोपरा पृष्ठभागापाशी न्या. कोपरा आणि त्याची प्रतिमा एकमेकांना टेकली तर मुलामा पुढे आहे, मध्ये फट दिसली तर मागे. दोनदा परावर्तन होत असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या आरशात प्रतिमा साधारण ८० टक्के उजेडाचीच असते, तेव्हा आरशाऐवजी चेहऱ्यावर उजेड पडेल असा तो ठेवा.

पुढचा मुलामा नाजूक असतो. बोट लावू नका. धूळ आधी हवेच्या फुंकणीने उडवा, मगच मऊ, ओलसर कापड अलगद फिरवा. कोरडं कापड घासलंत तर बारीक ओरखडे पडतात आणि ते पुन्हा निघत नाहीत.